शेतकऱ्याचा स्वभाव, बुद्धी आणि व्यवहार : आपल्या मुलुखाचा शंभर वर्षांचा अनुभव



यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा प्रथम आमच्या पालीच्या बल्लाळेश्वराविषयी लिहावे असे मनात होते. परंतु गेल्या मेळाव्यात एका तरुण वक्त्याने, आपला शेतकरी मागे राहिला तो बुद्धी कमी पडली म्हणून व स्वभावाने भित्रा म्हणून, असे विधान केले आणि त्यावर टाळ्याही पडल्या. ते विधान आमच्या मनात घर करून राहिले. वक्त्यावर आमचा राग नाही. पस्तीस वर्षे खेड्यापाड्यांतून शिक्षकी करताना आम्हीही मनातून हेच मानीत होतो, आणि शेतकऱ्याच्या मुलास वर्गात 'ढ' म्हणण्याचे पाप आमच्याही हातून अनेकदा घडले आहे. म्हणून या विधानात खरे किती व खोटे किती, हे इतिहासाच्या आधारे पाहावे, असे ठरविले.

शेती हा धंदा आहे, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. कोणते बी पेरावे, कर्ज काढावे की न काढावे, बैलजोडी विकून टिलर घ्यावा काय, मुलास शेतावर ठेवावे की मुंबईस धाडावे, जमीन राखावी की विकावी, हे सारे व्यवहाराचे निर्णय आहेत. दुकानदार चुकला तर पुढच्या महिन्यात सावरतो. भातशेती करणारा चुकला तर त्याचे वर्ष जाते. असे निर्णय घेताना माणसाचा स्वभाव व बुद्धी यांचा कितपत संबंध येतो, याचा शोध विद्वानांनीही घेतला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडातील एडिंबरो येथील अभ्यासकांनी तेथील शेतकऱ्यांच्या स्वभावाची व बुद्धीची मोजमापे घेऊन ती त्यांच्या शेतीच्या व्यवहाराशी ताडून पाहिली. संबंध आहे, असे त्यांस आढळले. ते आम्हांसही मान्य आहे. एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन सख्खे भाऊ दोन तऱ्हांनी शेती करतात, हे आपण रोज पाहतो. परंतु तेथील शेतकऱ्याच्या पाठीशी बँक असते, विमा असतो, सरकार असते. आपल्याकडे तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, असे इतिहास सांगतो.

प्रथम लोखंडी नांगराची हकीकत घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती व पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. ही गोष्ट शाळेत सांगताना आम्ही ती शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगत असू. मात्र गोष्टीचा पुढचा भाग सांगावयाचे राहून जाई. तोच शेतकरी पुढे नांगर घेऊ लागला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसल्यावर देशावरील काळ्या रानांत तो नांगर घरोघर गेला. कारण खोल नांगरटीने हरळी निघते व पीक वाढते, हे त्याने दुसऱ्याच्या शेतात डोळ्यांनी पाहिले. आपल्या कोकणपट्टीत मात्र लाकडी नांगर फार वर्षे टिकला. आपली खाचरे लहान, बैल हलके, आणि चिखलणी करावयाची ती गुडघाभर पाण्यात. तेथे जड नांगर बुडून बसतो. म्हणजे देशावरच्याने नांगर घेतला व कोकणातल्याने तो घेतला नाही, हे दोन्ही निर्णय बुद्धीचेच होते. नवे नाकारणारा तेवढ्यावरून मूर्ख ठरत नाही. त्याने ते का नाकारले, हे आधी विचारावे लागते.

आता आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाकडे वळू. त्या काळी आमची पाली भोर संस्थानात होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यात आला, व पुढे १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पालीखालून वाहणारी अंबा नदी नागोठण्यापुढे खाडीत शिरते. त्या खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात पोयनाडनजीक चरी हे गाव आहे. खोतीच्या जाचाने तेथील कुळे गांजली होती. भात कसावे कुळाने आणि त्यातला मोठा वाटा खंड म्हणून जावा खोताच्या घरी, असा तो व्यवहार. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ च्या ऑक्टोबरात चरी येथे सभा भरली आणि पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा निश्चय केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस येऊन गेले, व १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातूनच पुढे १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व अमलात आले. आमच्या आजोबांच्या नावावर दीड एकर खाचर लागले, ते याच कायद्याने.

सहा वर्षे शेत पडीक ठेवणे, हा कोणत्या स्वभावाचा निर्णय म्हणावा? भित्र्याचा खास नव्हे. संपकाळात डोंगरातला लाकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून या कुटुंबांनी दिवस काढले. हीच माणसे एरवी नवे बी पेरावयासही कचरणारी होती. मग एका रात्रीत त्यांचा स्वभाव पालटला काय? आमच्या मते स्वभाव होता तोच होता. पालटली ती परिस्थिती. एकट्या कुळाने 'कसत नाही' म्हटले असते, तर खोताने दुसऱ्या कुळास बोलावले असते व पहिला उपाशी मेला असता. पंचवीस गावे एकत्र आली, तेव्हा प्रत्येकाच्या धैर्यास शेजाऱ्याचा टेकू मिळाला. शिवाय त्यांचा हिशोबही अचूक होता. कसूनही घरात फारसे राहत नाही. मग न कसून गमावण्यासारखे ते काय?

दुसरे उदाहरण घाटावरचे, परंतु ज्ञातिसंघाच्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. पुणे जिल्ह्यातील सासवडची माळी मंडळी विहिरीच्या पाण्यावर ऊस व बागाईत करण्यात पिढ्यानपिढ्या तरबेज. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा झाला आणि बारामतीकडील कोरडवाहू रानांत पाणी आले. तेथील जमीनधारकांस उसाचा अनुभव नव्हता व भांडवलही नव्हते. सासवडची माळी कुटुंबे घरदार सोडून तेथे गेली, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, सावकारांकडून पैसा उचलला आणि ऊस लावला. १९३० च्या आसपास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा गूळ सोडून साखर करावी, या विचाराने त्यांनी १९३२ मध्ये 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' ही कंपनी उभी केली. माळशिरस तालुक्यातील माळीनगर ते हेच. त्याच वर्षी सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली, हेही साहाय्यक झाले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने उभा राहिला, तो त्यानंतर.

या यशाचे वर्णन करताना ही माणसे धाडसी होती, एवढे सांगून आपण थांबतो. धाडसी होतीच. परंतु त्यांचे धाडस आंधळे नव्हते. ऊस त्यांना हातच्या मळासारखा ठाऊक होता. नवे होते ते केवळ पाणी आणि गाव. एक कुटुंब गेले, त्यामागून त्याचे आप्त गेले. एकाचा फड बुडाला तर दुसऱ्याच्या घरी बी-बेण्याची सोय होई. जातभाईंच्या ओळखीवर कर्ज मिळे. कालव्याकाठचा मूळ शेतकरी बुद्धीने कमी नव्हता. पुढे तोही ऊस शिकला, आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखानदारी बव्हंशी त्याच्याच हाती आली. आधी पाहणे, मग करणे, हा त्याचा क्रम होता. पाहावयास कोणी तरी आधी करून दाखवावे लागते, इतकेच.

आता आपल्या भाताकडे येऊ. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे, तेव्हा भाताच्या सुधारणेची खटपट आपल्या दारातच शंभर वर्षे चालली आहे. १९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशभर निघाली. तिचे आरंभीचे प्रयोग मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर रोपे करावी, बी थोडे वापरावे, दोरी धरून ओळीत लावणी करावी, ओळींत कोळपणी करावी व खत भरपूर द्यावे, असा तो प्रकार. उत्पन्न वाढे, यात शंका नाही. तरीही आपल्याकडे ती पद्धत पुरती रुजली नाही. आपल्या लोकांनी गादीवाफा घेतला, थोडे खत घेतले, परंतु दोरी टाकून दिली. आळसामुळे टाकली, असे तेव्हाचे अधिकारी म्हणत. आषाढात पाऊस धरला, की आठ-दहा दिवसांत सगळ्या गावाची लावणी उरकावयाची असते, माणूस मिळत नाही, आवण पिवळे पडू लागते. त्या वेळी दोरीमागे जाणारा एकेक दिवस किती महाग, हे आवण काढणाऱ्या बाईलाच ठाऊक. तिने मनाशी हिशोब केला आणि दोरी ठेवून दिली. कागदावर न मांडलेला हिशोब हाही हिशोबच होय.

त्यानंतर १९६५ च्या सुमारास तायवानचे 'तायचुंग नेटिव्ह एक' व १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेचे 'आय. आर. आठ' ही बुटकी वाणे निघाली. आमच्या गावी हे बी आले तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. ग्रामसेवकाने वडिलांस पुष्कळ समजाविले. वडिलांनी हो म्हटले, पण एकाच खाचरात, तेही घराजवळच्या लहान खाचरात, ते बी पेरले; बाकी साऱ्या शेतात नेहमीची कोळंबा व पटणी. गावात दोन-तिघांनी सगळे शेत नव्या बियाण्याखाली घातले, काहींनी त्याला हातही लावला नाही. सुगीस वडिलांच्या त्या खाचरात दाणा खरोखरच भरपूर आला. परंतु तांदूळ जाड, भाताला चव नाही, आणि पेंढा आखूड. गुरांच्या वैरणीस व घराच्या शाकारणीस पेंढा लागे, हे फिलिपाइन्समधील शास्त्रज्ञांच्या हिशोबात नसावे. वडिलांनी पुढल्या वर्षी ते एक खाचर तसेच ठेवले, वाढविले नाही. नंतर 'जया', 'रत्ना' ही वाणे आली, कर्जतच्या केंद्राची बारीक दाण्याची वाणे आली, १९७२ मध्ये दापोलीचे कृषि विद्यापीठ झाले, आणि मग हळूहळू सगळे शेत सुधारित बियाण्याखाली आले. वडील चौथी शिकलेले. परंतु एका खाचरात पाहावयाचे व मग ठरवावयाचे, हीच संशोधन केंद्राचीही रीत नव्हे काय? आम्ही मात्र मॅट्रिक झाल्यावर त्यांस 'तुम्ही जुन्या वळणाचे' असे ऐकविले होते. ते हसले आणि म्हणाले, "अरे, नापास झालास तर तू पुढल्या वर्षी परत बसशील. माझी कणगी रिकामी झाली तर तुम्ही सगळे काय खाल?"

वडिलांच्या या उत्तराचा अर्थ आम्हांस फार उशिरा, एका शास्त्रीय प्रयोगाची हकीकत वाचताना उमगला. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संस्थेने १९७५ पासून सहा खेड्यांची पाहणी चालविली होती. त्यांपैकी सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेड ही चार खेडी आपल्या महाराष्ट्रातील. तेथे हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांस खऱ्या पैशांचा एक खेळ खेळावयास दिला. नाणे उडवावयाचे. थोडी पण खात्रीची रक्कम घ्यावी, की मोठ्या रकमेसाठी धोका पत्करावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. आरंभी अर्ध्या रुपयाची पैज, पुढे पाच रुपयांची, पुढे पन्नास रुपयांची. मजुरीचे दर तेव्हा दिवसाला दोन-चार रुपये, तेव्हा पन्नास रुपये ही थट्टा नव्हती. लहान पैजेत माणसे नाना तऱ्हांनी वागली. रक्कम वाढली, तसे श्रीमंत-गरीब बहुतेक सारे एकाच मध्यम सावधपणावर येऊन ठेपले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की शेतीत गुंतवणूक करण्याच्या बाबतीत शेतकऱ्या-शेतकऱ्यांत जो फरक दिसतो, त्याचे मुख्य कारण त्यांच्या वृत्तीत सापडत नाही. ते कर्ज, बाजार व माहिती कोणास मिळते व कोणास मिळत नाही, यात सापडते. मेळाव्यातील त्या तरुण वक्त्यास द्यावयाचे उत्तर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच आपल्या सोलापूर-अकोल्याच्या शेतकऱ्यांनी देऊन ठेवले आहे.

राहिली बुद्धीची गोष्ट. येथे आम्हांस स्वतःचा दोष सांगणे प्राप्त आहे. २००७ च्या आषाढात आमच्या मुलास इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी भरावयास आठ दिवसांची मुदत. शाळेची सोसायटी कर्ज देणार होती, परंतु मंजुरीस महिना लागणार. अशात एक दलाल घरी आला व खोपोली रस्त्याकडील आमच्या वाटणीच्या तीस गुंठ्यांचा सौदा दोन दिवसांत झाला. धाकटे बंधू सातवी नापास, शेतीच करतात. त्यांनी एवढेच म्हटले, "दादा, आत्ता नको. भात घरात येऊ दे, मग बोलू." आम्ही त्यांस व्याजाचे गणित समजावून सांगितले. ते गप्प राहिले. पाच वर्षांत त्या रस्त्याच्या जमिनीचे भाव कितीतरी पटींनी चढले. पैशापेक्षा अधिक टोचते ते हे, की आम्ही पस्तीस वर्षे मुलांना सरळव्याज व चक्रवाढव्याज शिकविले, आणि आमच्याच व्यवहारात चार ठिकाणी विचारपूस करण्याइतकीही बुद्धी आम्हांस सुचली नाही.

पुढे असे वाचनात आले, की तामिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांच्या बुद्धीची चाचणी काही अभ्यासकांनी सुगीपूर्वी व सुगीनंतर अशी दोनदा घेतली. २०१३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. सुगीपूर्वी हात आखडलेला असताना त्याच शेतकऱ्याचे गुण कमी आले, सुगीनंतर वाढले. फरक किती मानावा, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु चणचणीच्या दिवसांत माणसाचे डोके चालत नाही, हे सांगावयास आम्हांस विद्वान नकोत. आम्ही स्वतः त्याचे साक्षी आहोत. आणि मग वर्गातली ती मुले आठवतात. आषाढ-श्रावणात, घरातील कणगी तळास गेलेली असताना, एका वेळचे जेवून येणारी मुले गणितात चुकत. मार्गशीर्षात तीच मुले पाढे म्हणून दाखवीत. आम्ही ती मुले दिवाळीनंतर 'सुधारली' असे समजत होतो, आणि त्याचे श्रेय छडीला देत होतो. आज त्याची लाज वाटते.

सांप्रत आपल्यापुढे दोन निर्णय उभे आहेत. पहिला नव्या पद्धतीचा. कर्जत तालुक्यात नेरळनजीक चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत भाताचे नवे तंत्र सिद्ध केले. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही; एकदा केलेल्या गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवावयाची. मजूर मिळेनासे झाले असताना हे तंत्र मोलाचे आहे. तणनाशक वापरावे लागते, ही त्यातली विचार करण्यासारखी बाजू. चिखल केल्यावाचून भात कसा येईल, हे आपल्या वडीलधाऱ्यांस पटत नाही, आणि तरुणांस थांबण्यास धीर नाही. आमची सूचना अशी, की आमच्या वडिलांची रीत धरावी. प्रत्येक गावात एकाने एका खाचरात करावे व बाकीच्यांनी बांधावर उभे राहून पाहावे.

दुसरा निर्णय जमीन विकण्याचा. मुंबई-पुण्याकडील लोक पाली-खोपोली भागात बंगल्यांसाठी जागा घेत आहेत. विकूच नये, असे आम्ही म्हणत नाही. ज्याची त्यास गरज ठाऊक. परंतु आमच्या माहितीतील बरेचसे सौदे आषाढ-श्रावणातच ठरलेले आहेत, आणि दलालांस हे दिवस बरोबर ठाऊक असतात.

म्हणून ज्ञातिसंघापुढे दोन विनंत्या ठेवून हा लेख आटोपतो. संघाच्या शिल्लक निधीतून एक लहान रक्कम वेगळी काढून, ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात सभासद कुटुंबांस फी, औषधपाणी वा बी-खतासाठी ती बिनव्याजी द्यावी व मार्गशीर्षात परत घ्यावी. चरीच्या कुळांना शेजाऱ्याचा टेकू होता, सासवडकरांना आप्तांचा होता; आपल्या सभासदास तो संघाचा असावा. दुसरी विनंती अशी, की कोणाही सभासदाने जमिनीचा सौदा करण्यापूर्वी संघातील दोन जाणत्या माणसांस, आणि घरातील शेती करणाऱ्या माणसास, मग तो कितीही कमी शिकलेला असो, विचारावे. पहिल्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आम्ही या लेखासोबत चिटणीसांच्या स्वाधीन केले आहेत. आमच्या बंधूंनीही यंदाचे भात विकून एक हजार देण्याचे कबूल केले आहे. मात्र सुगीनंतर, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.